घाम वाळू द्या



मागल्या चैत्रात अर्धापूरच्या शिवारात हळद शिजत होती. वर ऊन, खाली भट्टी. एक गडी म्हणाला, "गुरुजी, हात लावून बघा. एवढं राबून अंग गारच लागतंय!"

खरेच होते. आपल्या शरीराच्या आत सुमारे ३७ अंश उष्णता असते. कातडी एरवी ३३-३४ अंशांवर. काम केले की आतली उष्णता वाढते. रक्त ती कातडीकडे आणते. तिथे घाम सुटतो. तो वाळताना उष्णता घेऊन जातो. माठ असाच पाझरून पाणी गार करतो. नुसता ओघळलेला घाम फुकट जातो. म्हणून कपडा सैल, सुती हवा.

मेमध्ये नांदेड-लातुरात पारा चाळिशी ओलांडतो. हवाच कातडीहून गरम! मग घामाचाच आधार. अन् घामाला पाणी लागते.

त्या गड्याने कामाच्या नादात पाणीच घेतले नाही. दुपारी तो बरळू लागला. अंग तव्यासारखे. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा! मी म्हटले, आधी सावलीत न्या. ओली लुगडी अंगावर टाकली, वारा घातला, टेम्पोतून दवाखान्यात नेले. शुद्ध नव्हती, म्हणून तोंडात पाणी ओतू दिले नाही. ते श्वासनळीत जाते.

गडी वाचला. यंदा तो पहाटेच कढई चढवतो, शेजारी घागर ठेवून.