कॉफीचे माप



कर्जत-खालापूरच्या श्रोत्यांपुढे कॉफीची बाजू मांडायची म्हणजे चहाच्या राज्यात बंड पुकारण्यासारखेच आहे. आपल्याकडे रोजचा मान चहाचा. कॉफीचा डबा निघतो तो उपासाला, नाहीतर पाहुण्याला. म्हणूनच ती बिघडते. जे रोज करीत नाही त्याचे माप हाताला नसते. आणि बिघडली की बोल लागतो तो घरच्या सुनेला. आज आम्ही त्या सुनेचे वकीलपत्र घेऊन उभे आहोत.

भाजलेल्या पुडीतला सुमारे 30 टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. पण रुचकर असतो तो पहिला 18 ते 22 टक्के. आधी आंबूस चव उतरते, मग गोडवा, आणि सर्वांत शेवटी कडूपणा. आपण मात्र चहासारखी पूड दुधात खळखळ उकळतो आणि तो शेवटचा कडूपणाही ओरबाडून घेतो. मग तो लपविण्यासाठी साखर आणि जायफळ! जायफळ हा कॉफीचा दागिना आहे, पांघरूण नव्हे.

तेव्हा एका पेल्याला 10 ग्रॅम पूड आणि 100 मिलिलिटर पाणी घ्यावे. पाणी उकळले की खाली उतरवावे, पूड घालून 4 मिनिटे झाकावे, गाळावे आणि तितकेच गरम दूध घालावे. पितळी फिल्टर असेल तर दोन पेल्यांना 20 ग्रॅम पूड व 120 मिलिलिटर पाणी पुरे. पूड 40 मिलिलिटर पाणी धरून ठेवते. खाली उतरेल तो दाट अर्क दोघांत वाटून दूध घालावे. पुडीत चिकोरी किती, हेही पाकिटावर वाचावे. कायद्याने ती 49 टक्क्यांपर्यंत चालते. त्या कडूपणाला सून जबाबदार नाही.

पाण्याची उष्णता 90 ते 96 अंश असावी. आपल्याच तालुक्यातले माथेरान सुमारे 800 मीटर उंच. तेथे पाणी 97 अंशांच्या आसपासच उकळते. तेथे उतरवले की लगेच ओतावे. खाली कर्जतला किंवा खोपोलीला मात्र क्षणभर दम धरावा.

आता शेवटचे माप. चार पाहुणे आले की चौघांची पूड मोजली जाते. करणारी पाचवी, ती त्याच चोथ्यावर दुसरे पाणी घालून पिते. त्या चोथ्यात काय उरलेले असते, हे आताच सांगितले: केवळ कडूपणा. वाण्याच्या काट्यावर एकदा 10 ग्रॅम तोलून आपल्या चमच्याचे माप ठरवून घ्या. आणि माणसे मोजताना करणारीला आधी मोजा. एवढे केलेत, तर आमचा खटला आम्ही जिंकलो असे समजू.