घरगुती वेधशाळा



२६ जुलै २००५ या दिवशीं सुरू झालेल्या वृष्टींत सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला. त्याच वेळीं कुलाब्यास तो ७५ मिलिमीटरही भरला नाहीं. शहर एकच, दिवसही एकच! तेव्हां मुंबईंत पाऊस किती झाला, या प्रश्नास एकच एक उत्तर नसतें. आपल्या आळीचें उत्तर हवें असेल, तर पाऊस आपल्याच आळींत मोजला पाहिजे. ही सोय घरीं कशी करावी, तें आज थोडक्यांत सांगतों.

इंग्लंडांत २०१२ सालीं रास्पबेरी पाय नांवाचा एक संगणक विक्रीस आला. लांबीरुंदीनें तो पत्त्यांतील पानाएवढा. त्यास हवा पारखणारे संवेदक जोडावयाचे. बीएमई २८० हा नखाहून लहान संवेदक उष्णतामान, आर्द्रता व हवेचा दाब हीं तिन्ही सांगतो. पर्जन्यमापकांत दोन चिमुकलीं भांडीं पाठीस पाठ लावून आंसावर बसविलेलीं असतात. एक भरलें कीं तें कलंडतें आणि दुसरें त्याची जागा घेतें. प्रत्येक वेळीं लोहचुंबकानें एक कळ मिटते व संगणक एक आंकडा पुढें मोजतो. हौशी लोकांच्या नेहमींच्या वापरांतील एका मापकांत भांडें एकदां कलंडलें म्हणजे ०.२७९४ मिलिमीटर पाऊस धरतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हें ध्यानांत ठेविल्यास आपल्या गच्चीचा हिशेब शाळकरी मुलगाही करील.

परंतु खरें कौशल्य जोडणींत नसून जागेच्या निवडींत आहे. संवेदक उन्हानें तापलेल्या भिंतीशीं टेकविला, तर तो भिंतीची ऊब सांगेल. संगणकाच्याच डबींत कोंडला, तर संगणकाची. म्हणून त्यास झडपांची पांढरी पेटी हवी. स्कॉटलंडांतील दीपगृहांचे अभियंते टॉमस स्टीव्हन्सन यांच्या नांवानें ती ओळखली जाते. ती जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच असावी आणि आपल्या देशांत तिचें दार उत्तरेस ठेवावें. पर्जन्यमापक झाडें व भिंती यांपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी दूर असावा. मुसळधार सरींत भांडें कलंडतां कलंडतां कांहीं पाणी मोजणींतून निसटतें. यास्तव शेजारीं साधें नळीचें मापकही ठेवावें आणि दोहोंचा ताळा पाहावा. दाबाचेंही तसेंच. पुणें समुद्रसपाटीहून सुमारें ५६० मीटर उंच असल्यानें तेथें दाब साठएक हेक्टोपास्कलनें कमी दिसतो. तें वादळाचें चिन्ह नव्हे.

१८७५ सालीं स्थापन झालेला आपला हवामानशास्त्र विभाग दिवसाचा पाऊस सकाळीं साडेआठ वाजतां मोजतो. आपणही तीच वेळ पाळावी, म्हणजे दोन्ही आंकडे ताडून पाहतां येतील. संगणक दर मिनिटास नोंद करील हें खरें; तथापि रोजची एक ओळ वहींतही लिहावी. वीज जाते, यंत्र बिघडतें, वही टिकते.

येत्या मृगापूर्वीं हें साहित्य जमवून तें काम घरांतील मुलांकडे सोंपवावें. चारपांच पावसाळे नोंद अखंड राहिली, तर तासाला किती मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे आपल्या आळींत पाणी चढूं लागतें, हें त्या घरास कळेल. आणि तळमजल्यावरील शेजाऱ्यास वेळेवर हांक मारतां येईल.