खोलण्याचं बिल

कोकणातून, घाटावरून आणि गोव्यातून आलेले मिस्त्री, लेथवाले, स्पेअर पार्टवाले आणि जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे मालक मंडळी,

संमेलनाच्या अध्यक्षाने धंद्याच्या भवितव्यावर बोलायचं असतं. इलेक्ट्रिक गाड्या आल्या, स्क्रॅप धोरण आलं, पोरं गॅरेजकडे फिरकत नाहीत, हे सगळं आज दिवसभर तुम्ही ऐकणारच आहात. परिसंवादांची पत्रिका मी पाहिली आहे. मी एकाच विषयावर बोलणार आहे: जाम झालेला नट. कार्यवाहांनी मला हळूच विचारलं, "अण्णा, विषय जरा मोठा घ्यायला नको का?" मी म्हटलं, तुमच्या गॅरेजात आठवड्यातले किती तास या लहान विषयात जातात ते आधी मोजा, मग बोलू.

माझं म्हणणं थोडक्यात असं. जुन्या गाडीच्या कामात जोडणं सोपं, खोलणं अवघड. अक्कल, वेळ आणि हातातलं कसब यांतला मोठा वाटा खोलण्यात खर्च होतो. आणि आपण पैसे घेतो ते जोडण्याचे! बिलात काय लिहितो? क्लच प्लेट बदलली, सायलेन्सर बसवला, ब्रेकचं ओव्हरहॉलिंग केलं. ती क्लच प्लेट बाहेर काढायला दोन दिवस गेले, हे बिलात कुठेच नसतं. शिक्षणातही तेच. आयटीआयच्या वर्कशॉपमधलं इंजिन वर्षानुवर्षं खोललेलं आणि जोडलेलं असतं. त्याचे नट बोटांनी फिरतात. तिथून पोरगा आपल्याकडे येतो आणि पहिल्याच दिवशी बोल्टचं डोकं उडवतो. त्यात त्या पोराचा काय दोष?

गंज काय करतो ते कोकणातल्या मिस्त्रीला सांगायला नको, तरी घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. पाण्यात मीठ असलं की तेच काम झपाट्याने होतं, कारण खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं ही मुळात विजेचीच देवघेव आहे. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमध्ये तर जागाच नसते. म्हणजे जाम नट हा कुणी जास्त आवळलेला नट नव्हे. तो आतून फुगून अडकलेला आहे. हे एकदा ध्यानात आलं की पान्याला पाईप लावून लोंबकळणं किती निरर्थक आहे ते कळतं. आपण लावलेला जोर आट्यांना सोडवत नाही, तो बोल्टच्या दांड्याला पिळतो. आणि दांडा गंजून आधीच बारीक झालेला असतो.

माझे वस्ताद एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. ते पाना हातात घ्यायच्या आधी तारेचा ब्रश घ्यायचे आणि नटाच्या बाहेर आलेले आटे चकचकीत करायचे. पोऱ्याने विचारलं तर म्हणायचे, "अरे, तो गंज तसाच ठेवून नट फिरवलास, तर तो सगळा नटाच्या पोटात ओढला जाणार. मग अर्ध्यावर अडकल्यावर येशील माझ्याकडे बोंबलत." ब्रश झाला की तेल. तेल झालं की बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे लहान लहान टोले. मोडायला नव्हे, गंजाला तडे जाऊन तेल आत शिरावं म्हणून. मग दुसरं काम हातात घ्यायचं. संध्याकाळी पुन्हा तेल, सकाळी पुन्हा टोले. एवढं झाल्यावर पाना लावायचा, आणि तोही आधी किंचित आवळण्याच्या दिशेने. आवळताना गंजाची पकड तुटली की मग सोडवायचं, पाव फेरा मागे, थोडं पुढे, पुन्हा मागे. एका दमात काढायला गेलं की आट्यांतला चुरा गोळा होतो आणि नट नव्याने अडकतो.

यातलं खरं शिक्षण मनगटाचं आहे. नट सुटतो तेव्हा 'कट्' असा कोरडा आवाज होतो आणि पाना एकदम हलतो. बोल्ट तुटायला आला की तसं होत नाही. पाना मऊ लागतो, लाडीगोडीने मागे येतो, जोर न वाढवताही फिरतो. नवख्याला वाटतं, सुटला! जाणकार तिथेच हात काढतो. त्या क्षणी थांबलेल्या हाताने मालकाचे किती हजार वाचवले, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

एअर गनवर माझा राग नाही. तिचे झटके गंज मोडायला उपयोगीच असतात. पण तिच्यातून मनगटाला काही कळत नाही, आणि शिकाऊ पोराच्या हातात पहिल्या वर्षी गन देणं मला पटत नाही.

तेलाचंही जरा बोलू. आपल्याकडे रॉकेल चालायचं, डिझेल चालायचं, कुणी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळतं; तेही चांगलं उतरतं, फक्त ॲसिटोन रंग खातं आणि पेट घेतं हे लक्षात ठेवा. निळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-40 प्रत्येक गॅरेजात आहे. ते 1953 मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालं, आणि त्याचं पहिलं काम होतं ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला पाण्यापासून आणि गंजापासून वाचवणं. नावाचा अर्थच पाणी हटवण्याच्या मिश्रणाचा चाळिसावा प्रयोग. म्हणजे ते मुळात गंज येऊ नये म्हणून बनवलेलं. पूर्ण धरलेल्या नटाला आत झिरपणारं खास तेल जास्त चांगलं. पण कुठलंही तेल असो, त्याला वेळ द्यावा लागतो. फवारा मारून लगेच पाना लावणारा माणूस तेलाचे पैसे फुकट घालवतो.

आता पान्यांकडे येतो, कारण निम्मे नट गंजाने नव्हे, चुकीच्या पान्याने मरतात. जुन्या बुलेटवर ब्रिटिश आटे आहेत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये ठरवलेल्या मापाचा वंश तो; आटा 55 अंशांचा, आणि पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा, डोक्याच्या रुंदीचा नव्हे. पाव इंची व्हिटवर्थ पाना भरतो 13.3 मिलिमीटर. तेरा नंबर चढत नाही, म्हणून आपण चौदा लावतो, आणि दुसऱ्या झटक्याला नट गोल! जीपचं माप अमेरिकन, बजाजच्या स्कूटरचं मेट्रिक. ज्याच्या गॅरेजात या तिन्ही जातींच्या गाड्या येतात त्याने तिन्ही संच ठेवलेच पाहिजेत, आणि गंजलेल्या नटाला बारा कोनी नव्हे, सहा कोनी सॉकेट लावलं पाहिजे.

आणि उलटा आटा! जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. स्टडच्या टोकाला इंग्रजी एल अक्षर ठोकलेलं असतं, पण ते गंजाखाली. माणूस घाम गाळत सोडवतोय आणि खरं तर आवळतोय. म्हणून पुन्हा तेच: आधी ब्रश, मग डोळे, मग पाना.

विलीजचीच गोष्ट पुढे नेतो, कारण तिथे चूक फार महागात पडते. गो-डेव्हिल इंजिन 2199 सीसीचं, साइड व्हॉल्व्हचं. एक्झॉस्टचे पोर्ट हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये आहेत. त्यामुळे मॅनिफोल्डचा स्टड तुटला तर हेड काखोटीला मारून लेथवाल्याकडे जायची सोय नाही. स्टड ब्लॉकमध्ये तुटला, म्हणजे एकतर गाडीत वाकून काम करा किंवा इंजिन उतरवा. हे स्टड वर्षानुवर्षं तापून निवून विटलेले असतात. इथे तेलाने भागत नाही, आच लागते.

आच लावायची ती नटाला, बोल्टला नाही. पोलादाचं प्रसरण अंशामागे लाखात एकाच्या थोडं वर. दहा मिलिमीटरचं भोक दोनशे अंशांनी तापलं तर वाढतं जेमतेम 0.024 मिलिमीटर. केसाच्या निम्मंही नाही, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. मग थोडं निवू द्यायचं आणि मेणबत्ती टेकवायची. मेण पातळ होऊन आपोआप आट्यांत ओढलं जातं. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधल्या पोलादी स्टडलाही तेच तत्त्व. तिथे केसिंग तापवायचं, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. किनाऱ्यावरच्या स्कूटर उघडणाऱ्यांना तिथली पांढरी भुकटी माहीत आहे. तो लोखंडाचा गंज नव्हे, ॲल्युमिनियम खाल्लं गेलेलं आहे, आणि तिथे तेलाचा फारसा इलाज चालत नाही.

गॅसची नळी पेटवण्याआधी मात्र हात जोडून सांगतो. पेट्रोलची टाकी आणि नळी बाजूला करा. शॉकॲब्सॉर्बरला आच लावू नका, बंद नळकांडं फुटतं. क्लोरिन असलेला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर वेल्डिंग कराल तर फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू तो. आणि डोक्यावर 8.8 किंवा 10.9 लिहिलेला बोल्ट एकदा लाल केला की त्याचं पाणी उतरलं. तो भंगारात टाका, पुन्हा स्टिअरिंगला लावू नका.

इतकं करूनही स्टड तुटतो. तुटू द्या. पण मग तुटका स्टड उपसायचं ईझी-आउट घेऊन धावू नका. ते कडक पोलाद. आत तुटलं की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. तुटलेल्या तोंडावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा. आच आणि पकड दोन्ही एकदम मिळतात. आणि परत जोडताना मॅनिफोल्डला पितळी नट लावा. तो गंजून धरत नाही. पुढचा मिस्त्री तुमचं नाव काढील.

आता मूळ मुद्दा. 2021 च्या जुलैपासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांना केंद्राच्या नियमाखाली व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदणी मिळते. मूळ रूप! दुसऱ्या महायुद्धात फोर्डने बनवलेल्या जीपच्या बोल्टच्या डोक्यांवर एफ अक्षर आहे, आणि संग्राहक तो एकेक बोल्ट शोधत फिरतात. छिन्नी मारून नट उडवणं दहा मिनिटांचं काम आहे, खरं. न उडवता काढणं दोन दिवसांचं. मालकाला हवं असतं दुसरं, आणि तो पैसे देतो पहिल्याचे. "मिस्त्री, चार नट काढायला दोन दिवस?" हा प्रश्न इथे बसलेल्या प्रत्येकाने ऐकला असेल. त्यावर आपण ओशाळं हसतो आणि दोन दिवस खिशातून भरतो. डॉक्टर तपासणीची फी घेताना ओशाळतो का?

म्हणून संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी एकच ठराव मांडणार आहे. जुन्या गाडीच्या अंदाजपत्रकात 'खोलणं' ही वेगळी ओळ असावी, तासावर. वाट बघण्याच्या वेळेचा दर कमी, पण तो असावा. काय तुटू शकतं आणि तुटलं तर खर्च कुणाचा, हे गाडी लिफ्टवर चढवण्याआधी कागदावर यावं. मालक मंडळींना हे आज टोचेल, पण छिन्नीने उडवलेला एफ परत मिळत नाही, हेही त्यांनी लक्षात घ्यावं. ठरावाला विरोध असेल तो व्यासपीठावर येऊन बोला. चहाच्या टपरीवर नको.

आणि जेवणानंतर मंडपाच्या मागे बाकं मांडली आहेत. त्यांवर किनाऱ्यावरच्या गॅरेजांतून आणलेले जाम मॅनिफोल्ड, ब्रेक ड्रम आणि स्कूटरचे केसिंग ठेवले आहेत, रात्रभर तेलात भिजवलेले. आयटीआयची मुलं येणार आहेत, त्यांच्या हातात पाना द्या आणि तुम्ही शेजारी उभे राहा. ब्रश, मेणबत्त्या आणि गॅस तिथे आहे. एअर गन गाडीतच राहू द्या.