संख्यारेषेवर दशांश अपूर्णांकांचे वाचन

मोर्शी तालुक्यातील शिक्षकबंधुभगिनींनो,

पावसाळा भरात आला म्हणजे या परिसरात धरणाच्या पातळीचा आकडा घरोघरी बोलला जातो. सिंभोरा येथे वर्धा नदीवर बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाची पूर्ण जलसाठ्याची पातळी ३४२.५० मीटर आहे. पाणी त्या पातळीकडे येऊ लागले की, धरणाच्या तेरा दरवाजांपैकी किती दरवाजे किती सेंटिमीटर उघडले, याकडे नदीकाठच्या गावांचे लक्ष लागते. आता समजा, एखाद्या दिवशी वर्तमानपत्रात पातळी ३४२.०५ मीटर छापली आहे आणि वरच्या वर्गातील मुलगा ती वडिलांना ‘तीनशे बेचाळीस पॉइंट पाच’ अशी वाचून दाखवितो. त्याने केवळ एक शून्य गाळले. परंतु धरण भरण्यास ४५ सेंटिमीटर बाकी असताना ते भरल्याची वार्ता घरात पोचली. ३४२.५० ऐवजी ३४२.०५ वाचले गेले, तर ते याहून वाईट. कारण मग सावध राहावयाचे तेव्हाच घर निश्चिंत राहते.

कापसाच्या वजनाच्या पावतीवरही हीच चूक होऊ शकते. ३.०५ क्विंटल आणि ३.५ क्विंटल यांत ४५ किलोग्रॅमचा फरक आहे. दशांश अपूर्णांकाचे वाचन हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नाही, हे यावरून ध्यानात येईल.

ही चूक मुलाच्या आळसातून होत नाही. तिच्यामागे एक समजूत असते. दशांश चिन्हाची मुलाला पहिली ओळख बहुधा पैशांच्या हिशेबात होते. रु. ३.५० हे ‘तीन रुपये पन्नास पैसे’ असे वाचले जाते. चिन्हाच्या डावीकडे रुपये व उजवीकडे पैसे, म्हणजे चिन्ह ही दोन निरनिराळ्या मोजण्यांमधील भिंत होय, असे त्याच्या मनात ठसते. मग ३.५ म्हणजे तीन रुपये पाच पैसे असे त्यास वाटते. चारपेक्षा पस्तीस मोठे, म्हणून ०.४ पेक्षा ०.३५ मोठे, असे तो सांगतो, आणि ०.९ च्या पुढची संख्या विचारली असता ०.१० लिहून मोकळा होतो. या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे. चिन्हानंतरचे अंक ही वेगळी मोजणी नसून त्याच संख्येची आणखी बारीक वाटणी आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले नसते. ते दाखविण्याचे साधन म्हणजे संख्यारेषा.

त्यासाठी वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून बरोबर एक मीटर उंचीची उभी रेषा काढावी. खालच्या टोकाशी ३४२ व वरच्या टोकाशी ३४३ लिहावे. धरणाच्या पातळीचा हा एक मीटर आता खऱ्या मापाने वर्गात आला. प्रथम त्याचे दहा समान भाग करावेत. प्रत्येक भाग दहा सेंटिमीटरचा, म्हणजे मीटरचा एक दशांश होईल. येथे थांबून मुलांकडून ३४२.१, ३४२.२ अशी क्रमाने वर मोजणी करून घ्यावी. ३४२.९ च्या पुढे एखाद्याने ३४२.१० म्हटल्यास त्याला दटावू नये. भिंतीवर पुढची खूण कोणती आहे ते दाखविण्यास सांगावे. तेथे ३४३ लिहिलेले त्याला स्वतःच दिसेल.

त्यानंतर एकेका दशांशाचे पुन्हा दहा भाग करावेत. हा नवा भाग एक सेंटिमीटरचा, म्हणजे एक शतांश होय. आता एका मुलास भिंतीजवळ उभे करून ३४२.०५ ची खूण दाखविण्यास सांगावे. ती जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर, त्याच्या घोट्याच्याही खाली येईल. नंतर ३४२.५० दाखविण्यास सांगावे. ती खूण त्याच्या गुडघ्याच्या वर जाईल. गाळलेल्या शून्याची किंमत मुलाच्या पायावरच मोजली गेली. याच रेषेवर ३४२.३५ ची खूण ३४२.४ च्या खाली पडते, आणि ३४२.५ व ३४२.५० या एकाच जागी येतात, हेही मुलांनी बोट ठेवून पाहावे. शेवटचे शून्य संख्या बदलत नाही, मधले शून्य बदलते, हा नियम मग घोकून घेण्याची गरज उरत नाही.

येथे शिक्षकाने एक सावधगिरी बाळगावी. रेषेवरील प्रत्येक घर एका दशांशाचेच असते, अशी नवी चुकीची समजूत रुजू देऊ नये. कोणतीही रेषा वाचण्याचा क्रम असा असावा. प्रथम लगतच्या दोन लिहिलेल्या संख्या पाहाव्यात. मग त्यांच्यामधील घरे मोजावीत. खुणा नव्हे, घरे. दहा घरांच्या मध्ये नऊच खुणा असतात, आणि खुणा मोजणारा मुलगा येथेच फसतो. त्यानंतर दोन संख्यांतील फरकाला घरांच्या संख्येने भागून एका घराची किंमत काढावी. शेवटी लहान संख्येपासून घरे मोजीत इष्ट खुणेपर्यंत जावे, आणि आलेले उत्तर त्या दोन संख्यांच्या मध्येच पडते ना, हे तपासावे.

ताप पाहण्याच्या पाऱ्याच्या जुन्या तापमापीचे उदाहरण घ्यावे. फॅरनहाइट मापाच्या अशा तापमापीवर दोन अंशांमध्ये बहुधा पाच घरे असतात. एक अंश पाच घरांत वाटला गेला, म्हणून एक घर ०.२ अंशाचे झाले. ९८ च्या पुढचे तिसरे घर संपते तेथे ९८.६ येते. जो मुलगा प्रत्येक घर ०.१ चे धरतो, तो तेथे ९८.३ वाचील आणि अंगात ताप असता तो नाही असेही सांगेल.

खेड्यातील मुलाजवळ या पाठास उपयोगी असे एक जुने धन आहे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे व आण्याचे चार पैसे असत, आणि मुले पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी पाठ करीत. ती पाठांतरे मागे पडली. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घरात व बाजारात अद्याप जिवंत आहेत. शिक्षकाने ० ते ३ अशी रेषा काढून हे शब्द तीवर बसवून घ्यावेत. पाव ०.२५ वर, म्हणजे ०.२ व ०.३ यांच्या बरोबर मध्ये येतो, सव्वा १.२५ वर, दीड १.५ वर, पावणेदोन १.७५ वर आणि अडीच २.५ वर. आजीच्या तोंडचा ‘सव्वा’ आणि पुस्तकातील १.२५ हे एकाच जागी राहतात, हे कळले की मुलाची दशांशाविषयीची भीती पुष्कळ कमी होते.

दशांशाचा जन्मही मापनाच्या गरजेशी जोडलेला आहे. युरोपात दशांश अपूर्णांकांचा प्रसार करणारी सायमन स्टीव्हिन यांची १५८५ मधील छोटी पुस्तिका जमीन मोजणारे, मापारी व व्यापारी यांस उद्देशून लिहिली होती. आज मात्र तराजू काय, तापमापी काय, काट्याऐवजी किंवा पाऱ्याऐवजी नुसते अंक दाखवितात. त्यांत घरे नाहीत, खुणा नाहीत. समोर रेषा नसल्यामुळे ती मुलाच्या मनातच असावी लागते, आणि ती तेथे उमटविण्याचे काम शाळेचे आहे.

याकरिता खर्चाचे साहित्य लागत नाही. एक मीटरपट्टी, खडू आणि भिंत पुरेशी आहे. ही रेषा एका तासिकेनंतर पुसून टाकू नये. पावसाळ्यात रोज एका मुलाने वर्तमानपत्रातील पातळी वाचावी, ती ३४२ व ३४३ मीटरच्या दरम्यान असल्यास भिंतीवर खूण करावी, आणि कालच्यापेक्षा पाणी किती सेंटिमीटर चढले वा उतरले ते वर्गास सांगावे. पातळी ३४२ च्या खाली असेल, तेव्हा टोकांच्या संख्या बदलून तीच रेषा वापरावी. अशा वर्गातील मुलाने घरी जाऊन सांगितलेल्या आकड्यावर वडिलांनी निःशंकपणे विसंबावे, इतकी खात्री या पाठातून निर्माण झाली पाहिजे.