टपालाची चाळणी

जळगांवच्या सराफ बाजारांतील एखाद्या पेढीच्या संगणकावर सकाळीं साठ पत्रें येऊन पडलेलीं असावींत आणि त्यांतील पन्नास परदेशी सोडतींचीं, बिनतारण कर्जांचीं वा रातोरात श्रीमंत करण्याच्या युक्तींचीं निघावींत, हा प्रकार आतां कोणास नवा नाहीं. या आगंतुक टपालास ‘स्पॅम’ म्हणतात. ३ मे १९७८ रोजीं गॅरी थर्क या अमेरिकन विक्री-अधिकाऱ्यानें अर्पानेट जाळ्यावरील सुमारें चारशें लोकांस आपल्या कंपनीच्या यंत्रांची जाहिरात एकदम धाडली, तें या जातीचें पहिलें पत्र समजतात. साध्या टपालांत तिकिटाचा खर्च धाडणाऱ्यास पडतो. ई-मेलांत लाख पत्रांचाहि खर्च नगण्य, आणि निवडण्याचे श्रम मात्र घेणाऱ्याच्या गळ्यांत! म्हणून पत्रें उतरवून घेणाऱ्या सर्व्हरवरच चाळणी बसवावी लागते.

पहिली चाळणी दारावरची. उपद्रवी यंत्रांच्या पत्त्यांची काळी यादी पॉल व्हिक्सी प्रभृतींनीं १९९७ च्या सुमारास चालू केली. १९९८ सालीं ‘स्पॅमहाउस’ ही संस्था निघाली. यादींतील यंत्राचें पत्र न उघडतांच परतवितात. उपाय स्वस्त खरा, परंतु एका पत्त्यामागें शंभर गिऱ्हाइकें असलीं तर एकाच्या पापानें नव्याण्णव बुडतात. अनोळखी यंत्रास ‘थोड्या वेळानें या’ असें सांगण्याची युक्ति इव्हान हॅरिस यानें २००३ सालीं सुचविली. प्रामाणिक सर्व्हर पुन्हां येतो, घाईचा भामटा बहुधा येत नाहीं. (पुढें भामटेहि शहाणे झाले.) आतां धाडणाऱ्याची मोहोर तपासण्याचा प्रघात पडला आहे. जीमेलच्या खात्यांवर रोज पांच हजारांहून अधिक पत्रें धाडणाऱ्यांस गूगलनें फेब्रुवारी २०२४ पासून ती सक्तीची केली.

परंतु मोहोर खरी असून मजकूर खोटा असूं शकतो. तेथें शब्दांची चाळणी लागते. इंग्रज पाद्री थॉमस बेझ याचें संभाव्यतेचें गणित त्याच्या मृत्यूनंतर १७६३ सालीं प्रसिद्ध झालें. तें या कामीं लावण्याची रीत पॉल ग्रॅहॅमच्या ऑगस्ट २००२ मधील लेखानें लोकप्रिय केली. चांगल्या पत्रांचा एक ढीग व वाईट पत्रांचा दुसरा घ्यावा, कोणता शब्द कोठें किती वेळां येतो तें यंत्रानें मोजावें, आणि नव्या पत्रांतील सर्वांत बोलके पंधरा शब्द पाहून निवाडा द्यावा. ग्रॅहॅमनें चांगल्या ढिगांतील शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली. हें योग्यच होतें. शंभर भिकार पत्रें आंत आल्यानें घटकाभर जातो, एक खरें पत्र अडल्यानें सौदा जातो.

ढीग कोणाचे, हाच यांतील खरा प्रश्न. परक्या टपालावर शिकलेल्या यंत्रास सोनें, भाव, कर्ज हे शब्द संशयित. सराफाचा तर तो रोजचा व्यवहार. रावेर-यावलकडील केळीच्या व्यापाऱ्यास आखाती देशांतील अनोळखी माणसाचीच विचारणा हवी असते. १९२७ सालीं स्थापन झालेल्या धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळास एखाद्या परदेशी अभ्यासकानें मोडी कागदांविषयीं जोडपत्रांसह लिहिलें, तर तेंहि वरकरणी भामट्याच्या पत्रासारखेंच दिसावयाचें. शिवाय ‘केळीला’, ‘केळीचा’, ‘केळ्यांनीं’ हे यंत्राच्या लेखीं तीन निराळे शब्द. त्यामुळें मराठीस शिकवणुकीचे ढीग इंग्रजीहून मोठे लागतात. ‘स्पॅमअसॅसिन’ या प्रसिद्ध चाळणींत मान्य भाषांची यादी घालतां येते. तींत मराठीची सोय आहे, अहिराणीची नाहीं. खानदेशांतील सर्व्हर-चालकानें त्या यादीच्या फंदांत न पडावें हें बरें. पेढीनें स्वतःचींच जुनीं पत्रें निवडून यंत्रास शिकवावींत.

आणि संशयित पत्र मुकाट्यानें पुसूं नये. तें दारावरच नाकारलें तर धाडणाऱ्यास तसें कळतें व तो टेलिफोन उचलतो. निराळ्या कप्प्यांत ठेवलें तर कारकुनास संध्याकाळीं नजर टाकतां येते. आंत घेऊन गुपचूप नाहींसें केलें, तर रावेरचा व्यापारी आणि दुबईचा खरेदीदार दोघेहि एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत बसतात, आणि तेवढ्यांत माल पिकून जातो.