गव्हामागचं दळण

मुलाला गहू बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरची माणसं आधी मॉल गाठतात. ‘ग्लुटेन-फ्री’ असं छापलेली बिस्किटं, पास्ता, ब्रेड. किंमत पाहून हात आखडतो, तरी दोन पाकिटं घेतली जातातच. आणि हे घडतं कुठे, तर छत्रपती संभाजीनगरात! शेजारच्या जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या कितीतरी घरांत आजीच्या पिढीपर्यंत पोळी ही सणावाराची, पाहुण्यारावळ्यांची गोष्ट होती. ज्वारीत ग्लुटेन नसतं. बाजरीत, तांदळात, मक्यात, नाचणीतही नसतं. मग अडतं कुठे? अडतं ते पिठाच्या गिरणीत.

पण आधी आजाराविषयी. सीलिअ‍ॅक आणि गव्हाची अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; इथे बोलायचं आहे ते पहिलीबद्दल. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिअ‍ॅक असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती या ग्लुटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली उंची ही नेहमीची लक्षणं. कधी यातलं काहीच दिसत नाही. फक्त लोहाचं औषध महिनोन्‌महिने देऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नाही. ग्लुटेन पूर्णपणे आणि जन्मभर वगळणं, एवढाच आज यावर उपचार आहे.

गुन्हेगार गहू आहे हे सिद्ध झालं हॉलंडमध्ये. हेग इथले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० च्या दशकातच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या युद्धकाळातल्या हिवाळ्यात तिथे अन्नान्नदशा झाली, ब्रेड दिसेनासा झाला. बाकीची माणसं खंगत असताना सीलिअ‍ॅकची मुलं मात्र बरी राहिली, आणि ब्रेड परतल्यावर दुखणंही परतलं, अशी त्या काळाची हकिगत सांगितली जाते. डिके यांनी पुढे मुलांच्या आहारातून गहू काढून आणि पुन्हा घालून पद्धतशीर नोंदी केल्या आणि १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला.

आपल्याकडचं चित्रही बोलकं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात सव्वा माणसाला हा आजार आढळला. दक्षिणेत हजारात एकाला. आजाराची शक्यता निर्माण करणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. ताटं वेगळी होती: उत्तरेत माणशी दिवसाला सुमारे ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम. मराठवाड्याचं ताट या दोहोंच्या मधलं. पण शाळेच्या डब्यात पोळी, मधल्या सुट्टीत बिस्किट, रात्री नूडल्स, असं ते उत्तरेकडे सरकत चाललं आहे.

आता गिरणीकडे. ज्वारीचं दळण गव्हाच्या मागून टाकलं की दगडांच्या फटीत, पीठ पडतं त्या कापडी नळकांड्यात राहिलेली कणीक ज्वारीच्या डब्यात उतरते. हवेत उडणारी धूळ वेगळीच. ‘थोडंसं तर असेल’ म्हणून हे सोडून देता येत नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहावा हिस्सा ग्लुटेन. पाच किलो ज्वारीत मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम कणीक मिसळली, तर किलोमागे हजार मिलिग्रॅम झालं. मर्यादेच्या पन्नासपट! आईने पहाटे उठून थापलेली भाकरी, आणि मुलाचं पोट तरी दुखतंच. मग दोष ज्वारीवर येतो.

गंमत अशी की गिरणीवाल्याला ही भाषा नवी नाही. ‘उपवासाचं आहे, गव्हावर टाकू नका’ हे तो वर्षानुवर्षं ऐकत आला आहे. फक्त उपवासाला चालेल इतकी झाडझूड इथे पुरत नाही. म्हणून परवडत असेल त्याने पहिला खर्च घरघंटीवर करावा आणि तिच्यात गव्हाचा दाणाही जाऊ देऊ नये. आयात पास्त्याच्या पाकिटांपेक्षा हा खर्च शहाणपणाचा. मोंढ्यातून अख्खी ज्वारी-बाजरी आणावी आणि परातीत पसरून निवडून घ्यावी, कारण पोत्यातच गव्हाचे दाणे सापडतात. बाजरी घेताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या ‘एएचबी १२००’ या वाणात किलोमागे सुमारे ७३ मिलिग्रॅम लोह आहे, नेहमीच्या वाणांपेक्षा बरंच जास्त. या मुलांत रक्त कमी असणं नेहमीचंच, तेव्हा असं बियाणं पेरणारा शेतकरी ओळखीचा असेल तर त्याला गाठावं.

किराण्याच्या दुकानात सर्वांत निर्धास्त कप्पा उपवासाचा: साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा. पीठ मात्र सुटं घेऊ नये, ते कुठे दळलंय कोण जाणे. खरे चकवे बाकीच्या कप्प्यांत आहेत. रवा, दलिया, शेवया, मैदा ही सगळी गव्हाचीच रूपं, हे सांगूनही ‘शिरा चालेल ना?’ हा प्रश्न येतोच. खपली गहू पौष्टिक म्हणून खपतो, तोही गहूच. सातूच्या पिठात गहू किंवा जव. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू. माल्टची दुधात घालायची पावडर जवाची. सोया सॉसमध्ये गहू. आणि आजारी लेकराला हमखास दिला जाणारा मऊ भात-मेतकूट? पारंपरिक मेतकुटात डाळींबरोबर मूठभर गहूही भाजून घालतात. फोडणीतला बांधानी हिंग तर बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळून तयार होतो. रोजच्या वरणातली ती चिमूट कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. तांदळाचं पीठ घातलेला हिंग मिळतो. डबीवरचे घटक वाचून घ्यावा. पाकीटबंद मालावर ग्लुटेनच्या धान्यांचा उल्लेख करणं कायद्याने बंधनकारक आहे. बारीक अक्षरांत का होईना, तो असतो.

केकचं काय, हा प्रश्न वाढदिवसाच्या आठवड्यात येतो. गव्हाच्या पिठाला जो चिवटपणा असतो तो ग्लुटेनचा. फुगताना तयार होणारे हवेचे बुडबुडे तोच धरून ठेवतो. नुसत्या ज्वारीचा केक म्हणूनच फुगतो, बसतो आणि कापताना भुगा होतो. ही धरण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागते, आणि ते काम घरातला इसबगोल उत्तम करतो. ज्वारीचं पीठ दोन भाग, तांदळाची पिठी एक भाग, साबुदाण्याचं वस्त्रगाळ पीठ एक भाग. असं २०० ग्रॅम मिश्रण घेतलं तर त्यात चमचाभर इसबगोल. चालत असतील तर अंडी, नसतील तर घट्ट दही आणि सोडा. मिश्रण मैद्याच्या केकपेक्षा पातळ ठेवायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. तेवढ्यात ज्वारीची कणी पाणी पिते आणि दाताखाली रवाळ लागत नाही. मोठ्या भांड्यापेक्षा लहान वाट्यांत भाजलेलं बरं, मधला भाग कच्चा राहत नाही. पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही, आणि ही अट घरातल्या मुलांसमोर पाळणं हेच सर्वांत कठीण. भांडी मात्र वेगळी हवीत: चाळणी तर नवीनच, कारण तिच्या जाळीत अडकलेली कणीक धुऊन जात नाही. लाकडी पोळपाट-लाटण्याचंही तेच.

घराबाहेर हे शहर निम्मं मुलाच्या बाजूने आहे, निम्मं विरुद्ध. गुलमंडीवरची इमरती उडदाच्या डाळीची, जिलबी मैद्याची. पण दोन्ही एकाच कढईत तळत असतील तर इमरतीही गेली. हे विचारायला लाजू नये. इथल्या प्रसिद्ध नान खलियातला नान अर्थातच बाद. खलिया घरी केला तर बाजरीच्या भाकरीशी त्याचं छान जमतं. गणपतीत उकडीचे मोदक चालतात, मराठवाड्यात घरोघर होणारे कणकेचे तळणीचे चालत नाहीत. सत्यनारायणाच्या शिऱ्याला ‘प्रसाद आहे, एवढ्याशाने काही होत नाही’ म्हणणाऱ्या मावशीला वर केलेला ५० ग्रॅमचा हिशोब ऐकवावा. शाळेत वर्गशिक्षिकेला लेखी द्यावं, आणि वर्गातल्या खेळायच्या रंगीत कणकेचंही सांगावं. तीही बहुधा गव्हाची असते, आणि लहान मुलांचे हात तोंडात जातातच.

पुष्कळ घरं शेवटी सगळ्यांसाठीच गहू बंद करतात. एका मुलासाठी दोन चुली मांडण्यापेक्षा ते सोपं जातं. पण तसं करण्याआधी भावंडांची आणि आईवडिलांची रक्ततपासणी उरकून घ्यावी. सख्ख्या नात्यात हा आजार दहापैकी एकाला असू शकतो, आणि तपासणी खरी ठरण्यासाठी त्या माणसाच्या पोटात तोवर गहू जात असावा लागतो. घरातून गहू गेल्यावर काही महिन्यांनी धाकटीचं रक्त तपासलं, तर आजार असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. मग खात्री करायला तिला पुन्हा काही आठवडे मुद्दाम पोळी खाऊ घालावी लागते.