नातं काय?

(चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मैत्रिणींनो, आणि मागे मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या दादांनो,

आज मी लॉजबद्दल बोलणार आहे. हसलात ना? हसा. पण 'कोर्टाची तारीख होती, रात्री लॉजवर मुक्काम केला' असं एखाद्या भावानं सांगितलं, तर कुणी हसत नाही. तेच एखाद्या बहिणीनं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, 'कुणासंगं?' एकच जागा आणि एकच रात्र, पण चारित्र्याचा हिशोब फक्त तिच्याच नावावर लिहिला जातो. म्हणून हा विषय बायकांच्या मेळाव्यात घ्यायचा.

आपल्या भागात हॉटेल म्हणजे चहा, भजी, पाववडा. पाटीवर 'फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय' असं लिहिलं असेल, तर बायकांनी पडद्याआड बसून जेवायचं. मुक्कामाची जागा म्हणजे लॉज. ती गेवराईला, शेवगावला, बीडला. तिथं जोडीनं जायची वेळ कुणावर येते? शहरातल्या कॉलेजच्या पोरापोरींवरच येते असं समजू नका. दवाखान्यात माणूस असतं, कोर्टात तारीख असते, बायकोची भरतीची परीक्षा असते. घरच्यांच्या विरोधात लग्न करायला निघालेली दोघं असतात. आणि दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, दीर, लेकरं अशा नऊ जणांत संसार करणारे नवरा-बायको असतात. त्यांना एक दिवस दाराला कडी लावून निवांत बोलायचं असतं. ही शेवटची गरज सांगायची आपल्याला सगळ्यात जास्त लाज वाटते. पण ती गरज आहे, आणि त्यात पाप नाही.

या भागातल्या एका जोडीची हकिकत सांगते. नाव-गाव सांगणार नाही. दोघंही ऊसतोडीला जातात. सासूला जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात ठेवलं होतं. आत एकाच माणसाला थांबायची परवानगी, आणि त्या रात्री दीर थांबला होता. ही दोघं तीन रात्री जागी होती. चौथ्या रात्री एका लॉजवर गेली. तिच्या आधार कार्डावर अजून बापाचं नाव, माहेरचं आडनाव. मॅनेजरनं दोन्ही कार्डं हातात घेतली, एकदा तिच्या गळ्याकडे बघितलं आणि तिच्या नवऱ्याला विचारलं, 'नातं काय?' तिला विचारलं नाही. 'लग्नाचा दाखला आहे का?' दाखला कुणाकडे असतो? लग्न दारात झालं, चारशे माणूस जेवलं, तोच दाखला. शेवटी मॅनेजर म्हणाला, 'लोकल लोकांना आम्ही रूम देत नाही.' दोघांनी रात्र बस स्टँडवर काढली.

मला हे सांगताना ती म्हणाली, 'ताई, मुकादमानं कधी दाखला मागितला नाही.'

हे वाक्य नीट ऐका. आपल्या जिल्ह्यात 'कोयता' म्हणजे एक हत्यार नाही, एक जोडी. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल मिळते ती जोडीला. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला ही जोडी घर सोडते आणि हंगाम संपेपर्यंत फडाच्या कडेला, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत राहते. त्या कोपीला दार नसतं, कडी नसते. पहाटे अंधारात उठून बाई फडात जाते, संध्याकाळी मोळ्या वाहून गाडी भरते. तिथं ती अर्धी जोडी म्हणून पूर्ण राबते, आणि तिच्या लग्नाबद्दल कुणाला शंका येत नाही. काम करून घ्यायला जोडी चालते. पैसे मोजून एक खोली मागितली की त्याच जोडीला पुरावा द्यावा लागतो.

माझ्या कामात मलाही हे अनेकदा बघायला मिळालं आहे. एका प्रशिक्षणासाठी मी आणि माझे एक सहकारी परगावी गेलो होतो. आम्ही दोन वेगळ्या खोल्या मागितल्या. तरी काउंटरवरच्या माणसानं माझ्याबद्दलची सगळी चौकशी त्यांच्याकडे केली. 'मॅडम कोण? कुठल्या? घरी माहीत आहे का?' मी समोर उभी, ओळखपत्र माझ्या हातात, पैसे माझ्या पर्समध्ये. रजिस्टरात त्यांचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'सोबत १'. मी पेन मागून घेतलं आणि खाली माझं नाव, पत्ता आणि वय लिहिलं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. दोन सज्ञान व्यक्तींनी स्वखुशीनं एका खोलीत राहणं हा आपल्या देशात गुन्हा नाही. लग्न झालेलं असो वा नसो. लग्नाचा दाखला दाखवल्याशिवाय खोली देऊ नये असा कायदा नाही. मॅनेजरनं ओळखपत्र बघावं, नोंद करावी, हे बरोबर आहे. 'नातं काय' हा प्रश्न मात्र कायद्यातून आलेला नाही. तो त्याच्या मनातून, आणि पोलिसांच्या भीतीतून आलेला आहे.

ही भीती खोटी नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मालवणी पोलिसांनी मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर आणि गेस्ट हाउसवर छापे घातले आणि सुमारे ४० जोडप्यांना ठाण्यात नेलं. अनेकांवर मुंबई पोलीस कायद्याचं, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं, कलम ११० लावलं आणि १,२०० रुपये दंड घेतला. हे कलम आहे सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाबद्दल. बंद दाराआडची भाड्याची खोली सार्वजनिक ठिकाण कशी झाली? देशभर टीका झाली, पोलीस आयुक्तांना चौकशीचे आदेश द्यावे लागले. पण तोपर्यंत काही मुलींच्या घरी फोन गेले होते. मैत्रिणींनो, दंडाची पावती दोघांना सारखीच मिळते. घरी गेल्यावर शिक्षा मात्र सारखी नसते. मुलाला चार शब्द ऐकावे लागतात. मुलीचं कॉलेज बंद होतं, फोन काढून घेतला जातो आणि महिन्याभरात स्थळ बघितलं जातं.

त्यानंतर न्यायालयांनी बरंच स्पष्ट केलं आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. २०१८ मध्ये व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द झालं. ते कलम बाईला नवऱ्याची मालमत्ता समजणारं होतं. त्याच वर्षी समलिंगी प्रौढांच्या संबंधांना गुन्हा ठरवणारी कलम ३७७ मधली तरतूदही गेली. २०१९ मध्ये कोइमतूरला लग्न न झालेलं जोडपं राहत होतं हे एक कारण दाखवून भाड्याच्या निवासाची इमारत सील केली गेली होती. तेव्हा मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलं, की अविवाहित स्त्री-पुरुषांना हॉटेलच्या खोलीत राहायला मनाई करणारा कायदाच नाही, आणि सील काढायला सांगितलं.

निकाल झाले, पण काउंटर तसाच आहे. मोबाइलवरून खोल्या देणाऱ्या कंपन्यांनी यातून धंदा शोधला. 'जोडप्यांना चालेल', 'लोकल ओळखपत्र चालेल' अशा खुणा त्यांनी हॉटेलांपुढे लावल्या. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांतल्याच ओयो या मोठ्या कंपनीनं मेरठ शहरात अविवाहित जोडप्यांकडून नात्याचा पुरावा मागण्याची मुभा आपल्या हॉटेलांना दिली. ज्यानं खूण लावली तो ती कधीही काढू शकतो. तो धंदा आहे, हक्क नव्हे.

आता मंडपाच्या कडेला उभ्या दादांच्या मनातला प्रश्न मीच विचारते. 'मग काय, कुणीही यावं, काहीही करावं? पोरीबाळींची फसवणूक झाली तर?'

प्रश्न रास्त आहे. मुली फसवून आणल्या जातात, विकल्या जातात. म्हणूनच मी म्हणते की प्रश्न विचारा, पण योग्य तो विचारा. गळ्याकडे बघून कोण वाचतं ते बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० बायकांपैकी ४० हून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. कोयता पुरा करायला पोरगी उजवायची, हे आपल्याला नवीन नाही. सोळा वर्षांची पोरगी मंगळसूत्र घालून काउंटरपुढे उभी राहिली, तर मॅनेजर निमूट चावी देतो. खरं तर ती अल्पवयीन आहे. २०१७ च्या निकालापासून अठराच्या आतल्या बायकोशी नवऱ्यानं ठेवलेला संबंधही बलात्कार ठरतो. आणि तीस वर्षांची नोकरी करणारी बाई मोकळ्या गळ्यानं आली, तर तिला परत पाठवतात. जिला थांबवून चौकशी करायला हवी ती आत जाते, आणि जिच्या वाटेला जायचं कारण नाही तिला अडवलं जातं. मंगळसूत्र वय सांगत नाही. मर्जीही सांगत नाही. वीस रुपयांत बाजारात मिळणारं मंगळसूत्र घालून किती जणी काउंटरपुढे उभ्या राहतात, हे त्या मॅनेजरलाही माहीत असतं.

म्हणून प्रश्न दोनच हवेत. वय किती? आणि आपल्या मर्जीनं आलात का? ते बाईला विचारावेत, तिच्याकडे बघून, सोबतच्या पुरुषाला बाजूला ठेवून.

आणखी एक गोष्ट. जिथं संकोच असतो तिथं लुटणारा असतो. 'पाचशे जास्त द्या, नोंद करत नाही' असं सांगितलं जातं. आपल्याला वाटतं, बरं झालं, नाव कुठं आलं नाही. पण विचार करा. त्या खोलीत तुम्हाला मारहाण झाली, चोरून चित्रण झालं, पुढं कुणी ब्लॅकमेल केलं, तर तुम्ही तिथं होता याचा पुरावा काय? नोंद नसणं हे मालकाच्या आणि गुन्हेगाराच्या सोयीचं असतं. आपली सोय कशात आहे? बाईचं नाव रजिस्टरात पूर्ण लिहिलेलं हवं, आणि ते रजिस्टर इतरांसाठी बंद हवं. भाऊ आला, चुलता आला, गावातला कुणी पुढारी आला आणि 'अमकी इथं आलती का' म्हणाला, तर मालकानं तोंड उघडता कामा नये. जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न करायला निघालेल्या मुलीच्या जिवाचा प्रश्न असतो तो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष उभारायला सांगितलं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवारा करण्याचा विचार राज्यांनी करावा असंही सांगितलं. तो निवारा मिळेपर्यंत त्या दोघांची पहिली रात्र लॉजवरच जाते.

घरी जाताना काही गोष्टी पदराला बांधून न्या.

दोघांनीही आपापलं ओळखपत्र जवळ ठेवा आणि आपलं नाव आपण लिहा. 'सोबत १' चालवून घेऊ नका.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. कार्डावर माहेरचं नाव असेल तर त्यात खोटं काही नाही. पण लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत जरूर करून घ्या. ती लॉजसाठी नाही, तर पोटगी, वारसा आणि विधवा पेन्शन यांसाठी लागते.

पोलीस आलेच तर कोणत्या कलमाखाली आलात ते विचारा. अनैतिक व्यापाराच्या कायद्याखाली झडती असेल तर किमान दोन महिला पोलीस सोबत असल्या पाहिजेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. न वाचता सही करू नका, पावतीशिवाय पैसे देऊ नका. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक लेकीसुनांना पाठ करायला लावा.

आणि आपल्या मागण्या. लॉजमालकांच्या बैठका पोलीस घेतातच. त्या बैठकीत आम्हा बायकांनाही बोलवा. ओळख आणि वय यापलीकडे चौकशी होणार नाही असं प्रत्येक काउंटरवर मराठीत लिहून लावा. एकट्या बाईला, दोन बायकांना, आणि त्याच गावच्या माणसांना खोली नाकारू नका. गावच्या माणसालाही कधी कधी आपल्या घरापासून एक रात्र लांब राहावं लागतं. मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला तर ते आधी लागतं. तालुक्याच्या प्रत्येक बस स्टँडवर बायकांसाठी रात्री थांबायची, आतून कडी लागणारी खोली द्या.

यातलं शेवटचं मागणं सगळ्यात साधं आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करू. गेवराईच्या आगाराला द्यायचा अर्ज आज इथं लिहून आणला आहे. पुढच्या टेबलावर ठेवलाय. सही येत असेल तिनं सही करावी, नसेल तिनं अंगठा करावा. मात्र प्रत्येकीनं आपलं स्वतःचं नाव पूर्ण लिहावं, किंवा लिहून घ्यावं.